बसून राहण्याचा पगार

आपल्याकडे एखाद्याची किंमत काढायची असेल तर 'तो काय, नुसता बसून पगार खातो' एवढं म्हटलं की पुरतं. सरकारी कचेरीतल्या माणसाबद्दल म्हणतात, सोसायटीच्या वॉचमनबद्दल म्हणतात, आणि क्रिकेटच्या मोसमात सोफ्यावरून न हलता, संघातल्या न खेळणाऱ्या चौघा-पाचांबद्दलही म्हणतात. 'अमका दौऱ्यावर फिरायला गेलाय.' मला या वाक्याशी भांडायचं आहे. साक्षीला बोलावतो आहे एका अमेरिकन बेसबॉलपटूला. डिक हर्ली त्याचं नाव. बेसबॉलवेड्या माणसालाही ते चटकन आठवेलच असं नाही.

१८६९ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या क्लबने, म्हणजे 'रेड स्टॉकिंग्ज'ने, एक उघड उघड व्यवसाय केला. तोपर्यंत बेसबॉल हा हौसेचा खेळ म्हणवला जायचा. चांगल्या खेळाडूला पैसे मिळत, पण टेबलाखालून. कुठे कागदोपत्री नोकरी, कुठे गेटच्या उत्पन्नात वाटा. १८६९च्या मोसमापासून खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेने धंदेवाईक संघांना मान्यता दिली, आणि क्लबचा अध्यक्ष ॲरन चॅम्पियन, जो पेशाने वकील होता, त्याने सगळ्या खेळाडूंना पगारावर ठेवलं. संघ बांधायचं काम हॅरी राइटकडे. हा माणूस मुळात आपल्याला जवळचा, म्हणजे क्रिकेटवाला. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, वडील न्यू यॉर्कमध्ये क्रिकेटचे व्यावसायिक खेळाडू, आणि हॅरी स्वतः सिनसिनाटीत आला तोही एका क्रिकेट क्लबचा पगारी खेळाडू म्हणून. बेसबॉलची पहिली पगारी टीम एका क्रिकेटपटूने उभी केली, ही गोष्ट अमेरिकन लोक फार जोरात सांगत नाहीत.

त्या संघाची पगाराची यादी उपलब्ध आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज, वय २२, त्या काळचा सर्वांत देखणा खेळ करणारा, त्याला १,४०० डॉलर. कर्णधार हॅरीला १,२००. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एसा ब्रेनार्डला १,१००, फ्रेड वॉटरमनला १,०००. मग पाच जणांना प्रत्येकी ८००. इथे नऊ झाले. बेसबॉलमध्ये मैदानावर नऊच लागतात. पण यादी तिथे थांबत नाही. दहावं नाव डिक हर्ली, राखीव, ६०० डॉलर. एकूण ९,३००. करार १५ मार्च ते १५ नोव्हेंबर असा आठ महिन्यांचा.

आता हा दहावा कशाला? त्या वेळचा नियम असा की सामना एकदा सुरू झाला की आजारपण किंवा दुखापत याशिवाय खेळाडू बदलता येत नसे. आजच्यासारखं 'याला काढा, त्याला घाला' चालत नव्हतं. म्हणजे हर्लीचं काम सरळ शब्दांत सांगायचं तर कुणाचं तरी बोट मोडेपर्यंत तयारीत राहायचं. आणि बोटं मोडत होती. मिट किंवा ग्लोव्हज नव्हते. चेंडू उघड्या हाताने झेलायचा. कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, डग ॲलिसन, जो आधी संगमरवर कापायचं काम करायचा, त्याने पुढच्या वर्षी सुजलेल्या हातांवर हरणाच्या कातड्याचे मोजे चढवले त्याची बातमी झाली, यावरून बाकीच्यांच्या हातांची अवस्था काय असेल याचा अंदाज करावा. अशा खेळात नऊच माणसं घेऊन घराबाहेर पडणारा कर्णधार हा स्टेपनी न घेता घाटात निघालेला ड्रायव्हर.

त्या संघाने त्या वर्षी जे केलं ते अजून कुणाला जमलेलं नाही. संघटनेच्या क्लबांविरुद्ध ५७ विजय, हार एकही नाही. पूर्व किनाऱ्याचा दौरा झाला, आणि मे महिन्यातच जोडल्या गेलेल्या रेल्वेमार्गाने सप्टेंबरात संघ थेट कॅलिफोर्नियाला पोचला. वर्षभरात सुमारे १२,००० मैल. लोकांनी गर्दी केली, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. आणि वर्षाअखेर क्लबने हिशेब मांडला तेव्हा निव्वळ नफा निघाला १ डॉलर ३९ सेंट.

हा आकडा नेहमी गमतीने सांगितला जातो. मी तो वेगळ्या कारणासाठी सांगतो. एवढ्या कवडी-कवडीच्या हिशेबात ६०० डॉलर बाकावर बसणाऱ्यासाठी बाजूला काढलेले होते. खर्च कापायचा असता तर पहिली कात्री तिथे लागायला हवी होती. 'गरज पडली तर स्थानिक एखादा पोरगा घेऊ, सामन्यागणिक दोन डॉलर देऊ,' असं म्हणणं किती सोपं होतं. हॅरी राइटने तसं केलं नाही. त्याने राखीव माणसाला पूर्ण मोसमाचा करार दिला आणि सगळ्यात कमी पगाराच्या नियमित खेळाडूच्या पाऊण पट रक्कम दिली. ६०० भागिले ८००. हा पाऊण हिस्सा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संघ पुढच्या जूनमध्ये, १४ तारखेला, ब्रुकलिनच्या अटलांटिक्सकडून अकरा इनिंगमध्ये ८–७ असा हरला. एका पराभवाने सिनसिनाटीकरांचा उत्साह उतरला, आणि वर्ष संपायच्या आत क्लबने पगारी संघ बंद करून टाकला. राइट बंधू, चार्ली गूल्ड आणि कॅल मॅकव्ही बॉस्टनला गेले, तिथे नवा 'रेड स्टॉकिंग्ज' उभा राहिला. बाकीचे नियमित खेळाडू वॉशिंग्टनच्या ऑलिम्पिक्स संघात. १८७२ मध्ये त्याच ऑलिम्पिक्सच्या नोंदवहीत डिक हर्लीचं नाव दिसतं: सामने दोन. तो संघच त्या वर्षी नऊ सामने खेळून, त्यातले सात हरून, गाशा गुंडाळून गेला. अव्वल लीगमधली हर्लीची कारकीर्द तेवढीच. जॉर्ज राइट पुढे खेळाच्या साहित्याचा मोठा व्यापारी झाला. दोघे भाऊ कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या दालनात, आहेत, जॉर्ज १९३७ पासून, हॅरी १९५३ पासून. त्यांना ती जागा मिळायलाच हवी होती, माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार मोजण्याच्या पद्धतीवर आहे. आपण खेळाडूला सामन्यांनी मोजतो. दोन सामने म्हणजे दोन सामन्यांचं काम, असा आपला हिशेब. पण काम म्हणजे काय? डेपोत राखीव म्हणून थांबलेला एसटीचा चालक एखाद्या दिवशी गाडीला हातही लावत नाही. अग्निशमन केंद्रातला जवान महिना महिना आग बघत नाही. प्रसूती वॉर्डात रात्रपाळीला असलेली नर्स सकाळी 'आज एकही केस नाही' म्हणून डबा आवरून घरी जाते. यांचा पगार कुणी फेऱ्यांवर, आगींवर, बाळंतपणांवर लावत नाही. लावला तर लोक वेड्यात काढतील. त्यांनी आपला दिवस विकलेला असतो. त्या दिवसात काय घडलं हे त्यांच्या हातात नसतं. राखीव खेळाडूनेही तेच विकलेलं असतं, फक्त मैदानाच्या झगमगाटात आपल्याला ते दिसत नाही.

हॅरी राइटला जे कळलं होतं ते त्याच्यानंतरच्या मालकांनी लगेच विसरून दाखवलं. नॅशनल लीग १८७६ मध्ये निघाली. दुसऱ्याच वर्षी खेळाडूंच्या पगारातून गणवेशाचे ३० डॉलर आणि दौऱ्यावरच्या जेवणाचे दिवसाला ५० सेंट कापायला सुरुवात झाली. राखीव माणूस 'मोकळा' दिसतोय म्हणून त्याला तिकिटाच्या दारावर उभं करायची रीत पडली; त्या दिवशी न खेळणारा पिचर गेटवर तिकिटं गोळा करतोय असं दृश्य त्या दशकांत सर्रास दिसे. म्हणजे बसून पगार नको, उभं राहून घे.

इथे एका शब्दाची गंमत सांगायला हवी. १८७९ साली मालकांनी आपापसात ठरवलं की प्रत्येक संघ आपले पाच खेळाडू 'राखून' ठेवील आणि बाकीचे संघ त्यांना हात लावणार नाहीत. हेच ते कुप्रसिद्ध राखीव कलम. म्हणजे बेसबॉलमध्ये 'राखीव' या शब्दाचे दोन टोकांचे दोन अर्थ झाले. बाकावरचा राखीव कुणालाच नको होता. यादीतला राखीव इतका हवा होता की त्याला जाऊच देत नव्हते. सुरुवातीला त्या पाचांत नाव असणं मानाचं वाटे. चारच वर्षांत संख्या अकरावर गेली, मग सगळाच संघ राखीव. मालक म्हणेल त्या पगारावर खेळा, नाहीतर घरी बसा. जॉन माँटगोमेरी वॉर्डने १८८५ मध्ये खेळाडूंची पहिली संघटना काढली ती याच जाचातून. ते कलम मोडायला १९७५ साल उजाडावं लागलं. तो लढा तारांकित खेळाडूंच्या नावांनी ओळखला जातो, पण त्यात सगळ्यात जास्त चेपला गेला तो बाकावरचाच. दुसऱ्या संघात तो रोज खेळू शकला असता. त्याचा मालक त्याला खेळवतही नव्हता आणि सोडतही नव्हता.

नियम मात्र हळूहळू राखीव माणसाच्या बाजूने सरकले. १८८९ मध्ये स्कोअरकार्डावर आधी नाव छापलेल्या एका राखीव खेळाडूला दुखापतीशिवायही आत आणायची मुभा मिळाली. १८९१ पासून केव्हाही बदल करता येऊ लागला. अट एकच: बाहेर गेलेला परत येणार नाही. तेव्हापासून बाक ही मोडक्या बोटांची वाट बघायची जागा उरली नाही, डावपेचाचा भाग झाली.

तरीही बाकावरच्या माणसाचं नशीब किती बारीक धाग्याला लटकलेलं असतं याचा नमुना १९०५ सालचा. आर्चिबाल्ड ग्रॅहम हा न्यू यॉर्क जायंट्सचा राखीव खेळाडू. महिनाभराहून जास्त संघाबरोबर होता, रोज सराव, रोज गणवेश, रोज बाक. २९ जूनला ब्रुकलिनमध्ये जायंट्स मोठ्या फरकाने पुढे असताना व्यवस्थापक मॅग्रॉने त्याला आठव्या इनिंगमध्ये उजव्या क्षेत्रात उभं केलं. नवव्यात जायंट्सची फलंदाजी आली, पुढचा नंबर ग्रॅहमचा होता, बॅट हातात घेऊन तो तयार होता, आणि त्याच्या आधीचा माणूस झेल देऊन बाद झाला. डाव संपला. त्यानंतर तो वरच्या पातळीवर कधीच खेळला नाही. पुढे मिनेसोटातल्या चिझम या खाणवाल्या गावात डॉक्टर म्हणून त्याने आयुष्य काढलं, आणि चांगलं काढलं. त्याची गोष्ट लोक हळवे होऊन सांगतात: एक सामना, शून्य फटके. मला त्यात हळवं व्हायला फारसं काही दिसत नाही. माझ्या हिशेबात ग्रॅहमची कारकीर्द एक सामन्याची नसून महिनाभराची आहे. पगार महिनाभराचाच होता ना?

अमेरिकन बेसबॉलने हा हिशेब अखेर मान्य केला, आणि याबद्दल त्यांना शाबासकी द्यायला हवी. आज तिथे खेळाडूची सेवा मोजतात ती दिवसांनी. मुख्य संघाच्या यादीत तुमचं नाव ज्या दिवशी आहे तो दिवस तुमचा, मग तुम्ही खेळा, न खेळा, डगआउटमध्ये शेंगदाण्याची टरफलं उडवत बसा. १७२ दिवस म्हणजे एक वर्ष. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या १९८० च्या करारात असं ठरलं की त्या वर्षाचा चौथा भाग, म्हणजे ४३ दिवस, भरले की पेन्शन लागू, आणि एक दिवस भरला तरी आरोग्यविम्याचा हक्क. त्याआधी पेन्शनला चार वर्षं लागत. चार वर्षांवरून ४३ दिवसांवर येणं ही लहान गोष्ट नव्हे.

पण याच करारात एक घाण करून ठेवली. नवा नियम पुढच्यांना लागू केला, मागच्यांना नाही. १९८० च्या आधी जे साडेतीन वर्षं खेळून बाहेर पडले त्यांच्या हातात काही नाही. १९८१ मध्ये जो दीड महिना बाकावर बसला त्याला जन्मभर पेन्शन. मागच्या लोकांची बाजू मांडायला खोलीत कुणी नव्हतं, कारण निवृत्त खेळाडू संघटनेचे सभासद नसतात. ही चूक दुरुस्त करायला २०११ पर्यंत थांबावं लागलं, तीही अर्धीमुर्धी: दर ४३ दिवसांच्या सेवेमागे वर्षाला ६२५ डॉलर, जास्तीत जास्त १०,०००. २०२२ मध्ये त्यात पंधरा टक्के वाढ झाली. आणि ही रक्कम पेन्शन नसल्याने खेळाडू वारला की बंद. बायकोला एक सेंटही मिळत नाही. ज्या धंद्यात आजचा सर्वांत नवखा खेळाडू वर्षाला साडेसात लाख डॉलरहून अधिक घेतो, त्या धंद्याला हे शोभत नाही. किती म्हातारे उरले असतील? दर वर्षी ते कमीच होतात. थांबून राहिलं की प्रश्न आपोआप सुटतो, असा हिशेब कुणी मांडला असेल असं मी म्हणत नाही, पण वागणूक तशीच आहे.

खालच्या लीगमधला झगडा तर आणखी उघडा आहे. मायनर लीगच्या खेळाडूंना मोसमाआधीच्या सराव शिबिराचे पैसेच देत नसत. मालकांचं म्हणणं, सराव म्हणजे शिक्षण, काम नव्हे. २०१४ मध्ये ॲरन सेन नावाच्या माजी खेळाडूने आणि त्याच्या साथीदारांनी दावा लावला, आठ वर्षं चालला, आणि २०२२ मध्ये मालकांनी १८.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. त्याच वर्षी मायनर लीगवाले संघटनेत आले, आणि पुढच्या वर्षीच्या करारात त्यांचे किमान पगार दुपटीच्या आसपास गेले. 'तयारीत असणं हे काम आहे' हे वाक्य कोर्टकचेऱ्या करून वदवून घ्यावं लागलं. हॅरी राइटने ते दीडशे वर्षांपूर्वी यादीत लिहून टाकलं होतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. खेळ हा शेवटी कर्तृत्वाचा धंदा आहे. बाकावर बसणाऱ्याला खेळणाऱ्याच्या बरोबरीने मोजलं तर खेळण्याची ईर्ष्या कशी राहील? आणि दहावा घेतला तर अकरावा, बारावा का नको? याचं पहिलं उत्तर असं की बरोबरीचं कुणी मागतच नाही. जॉर्ज राइटला १,४०० आणि हर्लीला ६००, यात अन्याय नाही. ईर्ष्येला जागा भरपूर आहे. मुद्दा एवढाच की मोजपट्टी एकच असावी, दिवसांची, आणि भाव वेगळे असावेत. दुसरं उत्तर व्यवहाराचं. यादीला सीमा असतेच, ती मालकच घालतो. आज अमेरिकेत ती सव्वीस जणांची आहे. तुम्ही ज्याला यादीत घेतलं, ज्याला दुसरीकडे काम करायला मोकळं ठेवलं नाही, त्याचा दिवस तुम्ही विकत घेतला. घेतलेल्या मालाचे पैसे द्या. तिसरं उत्तर मला स्वतःलाच थोडं अडचणीचं आहे, तरी सांगतो: वशिल्याने बाकावर बसवलेली माणसंही असतात, आणि दिवस मोजले तर त्यांचेही मोजले जातील. जातील तर जाऊ देत. तो दोष निवड करणाऱ्याचा आहे, मोजपट्टीचा नाही.

आता थोडं आपल्याकडे वळतो, कारण तो पाऊण हिस्सा अजून शिल्लक आहे. रणजी करंडकाच्या सामन्यात आज अनुभवाप्रमाणे अकरातल्या खेळाडूला दिवसाला ४०,००० ते ६०,००० रुपये मिळतात. राखीव खेळाडूला निम्मे. पैशांच्या राशीत बघितलं तर हर्लीच्या ६०० डॉलरची आठवण काढणंसुद्धा हास्यास्पद आहे. पण प्रमाणात बघितलं तर जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाने राखीव माणसाची किंमत अर्धी धरली, आणि वर्षाला १ डॉलर ३९ सेंट कमावणाऱ्या क्लबने ती पाऊण धरली होती. माजी रणजीपटूंना पेन्शन आहे, ही चांगली गोष्ट. पण तिचे टप्पे ठरतात खेळलेल्या सामन्यांवर. जो मुंबईसारख्या संघात तीन मोसम बाकावर काढून दुसऱ्या कुठल्याही राज्यात सहज खेळला असता, त्याच्या खात्यात ते तीन मोसम शून्य. हिशेब दिवसांवर न्यायला मंडळाला नवा पैसा उभा करावा लागणार नाही. नवा रकाना उघडावा लागेल. राखीव खेळाडूंना मानधन देताना कुणाला किती दिवसांचं दिलं याची नोंद तर त्यांच्याकडे असणारच.

हे मी इतक्या पोटतिडकीने का लिहितोय, हे आता सांगून टाकतो. कॉलेजच्या संघात मी दोन वर्षं बारावा खेळाडू होतो. बॅटिंग बरी, बॉलिंग नाही, क्षेत्ररक्षण चांगलं. म्हणजे बाराव्याचं अगदी आदर्श माप. पाण्याच्या बाटल्या, कर्णधाराचे बदलायचे ग्लोव्हज, स्कोअररला चहा. एकदा यष्टिरक्षकाचा घोटा मुरगळला, आमचा कव्हरचा मुलगा ग्लोव्हज घालून मागे गेला, मी कव्हरला उभा राहिलो आणि डोक्यावरून जाणारा एक झेल मागे पळत घेतला. दुसऱ्या दिवशी गावातल्या पेपरात धावफलकात छापून आलं: 'झे. बदली', आणि पुढे गोलंदाजाचं नाव. क्रिकेटच्या आकडेवारीत तो झेल माझ्या नावावर नाही, बदली खेळाडूचे झेल कुणाच्याच नावावर लागत नाहीत. त्याचं मला तेव्हाही फारसं वाईट वाटलं नाही. राग आला तो नाश्त्याच्या कुपनांचा. सामन्याच्या दिवशी कॅन्टीनची कुपनं ऑफिसातून मिळायची, अकरा. मी एकदा खिडकीशी जाऊन विचारलं तर क्लार्कने वर न बघता विचारलं, "खेळले किती? अकराच ना?"

मी परत आलो. कर्णधाराला हे सांगितलं तर तो हसला. पुढच्या सामन्याच्या फॉर्मवर 'खेळाडूंची संख्या' या रकान्यात त्याने बारा असा आकडा टाकला, आणि क्लार्कने तो न वाचताच खाली शिक्का मारला.